अंगठ्याएवढी जागा

माणूस भेटला की हिराताई आधी त्याचे हात बघायच्या. पुढे पुढे पाय बघायला लागल्या. चेहऱ्याची पाळी फार उशिरा यायची. माझ्या चेहऱ्याची तर मी कारखान्यात लागल्यावर सहाएक महिन्यांनी आली. तोवर मी त्यांच्या लेखी नुसती दहा बोटं होतो, आणि तीही भरवशाची नव्हेत.

पहिल्याच सोमवारी त्यांनी मला दारात अडवलं. "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी माझी बोटं नाकाजवळ नेली, अंगठा चोळून पाहिला आणि विचारलं, "बोर्डीचा काय रे तू?" मी चकित. म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं? "चिकूचा चीक आहे. साबणानं जात नाय तो. आज आत यायचं नाय, कागदं घेऊन बाहेर बस." सकाळी निघताना आईला चार चिकू उतरवून दिले होते, तेवढंच. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो.

आमचा कारखाना तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला खेटून. बाहेरून पाहिलं तर पत्र्याची एक साधी शेड. आतलं काम मात्र नाजूक. खुब्याचा सांधा मोडला किंवा झिजला की डॉक्टर मांडीच्या हाडात धातूचा एक दांडा ठोकून बसवतात. हे दांडे आमच्याकडे दुसरीकडून तयार होऊन यायचे, आणि आम्ही त्यांच्यावर एक पांढरा लेप चढवायचो. हाडात जे खनिज असतं त्याच जातीची बारीक भुकटी जळत्या झोतात सोडायची, ती अर्धवट वितळून दांड्यावर जाऊन बसते. हाडाला तो लेप आपल्यातलाच वाटतो. ते त्याच्यात वाढतं आणि दांड्याला धरून ठेवतं. लेप सुटला तर मात्र दांडा हाडाच्या आत हलत राहतो, पावलागणिक. माझं काम शेवटचं, म्हणजे खोक्यावर लेबल छापण्याचं आणि कागद जुळवण्याचं. हिराताई तपासणीला होत्या. त्यांच्या सहीशिवाय माझा छापखाना हलत नसे.

धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली ही बाई. अंगानं काटक, आवाज वाऱ्याविरुद्ध हाक मारायची सवय असल्यासारखा. केस मात्र सुंभासारखे कोरडे, कारण तेल त्या फक्त शनिवारी संध्याकाळी लावायच्या आणि सोमवारी पहाटे शिकेकाईनं खसखसून धुऊन यायच्या. "तेल म्हणजे आपला वैरी," असं त्या रोज कुणाला तरी सांगत. लेप बसण्याआधी दांड्यावर बारीक वाळूसारख्या कणांचा मारा करून तो खरखरीत करतात. त्यानंतर त्याला उघडा हात लागता कामा नये. बोटाचं तेलसुद्धा लेपाला धरू देत नाही. नव्या पोरींना हे समजावताना त्या गवंडीकाम काढायच्या. "भिंतीला टाचे मारल्याशिवाय गिलावा धरतो काय? आणि टाचे मारलेल्या भिंतीवर कुणी तेल ओतलं तर? बाहेरून दिसतो छान. एक दिवस अख्खा पोपडा खाली."

वेवजीच्या पाड्यावरून आमच्याकडे पाच-सहा पोरी कामाला येत. एकदा त्या सगळ्या एकदम यायच्या बंद झाल्या. पाड्यावर कुणीतरी उठवलं होतं की शेडमध्ये माणसाची हाडं दळतात आणि तिथली भुकटी अंगावर घेऊन आलेल्या पोरीच्या हातचं पाणी पिऊ नये. मॅनेजर साहेबांनी नोटीस लावली. ती कोण वाचणार? हिराताई सुट्टीच्या दिवशी एकट्याच वेवजीला गेल्या, एका अंगणात बसल्या आणि आधी पाणी मागून प्यायल्या. मग म्हणाल्या, "हाडं दळत नाय. दगड आहे तो. पण हाडाच्या जातीचा. परक्याला हाड जवळ करत नाय, म्हणून लोखंडाला त्याच्या जातीचे कपडे घालून पाठवतो आम्ही." एका म्हातारीनं विचारलं, "आणि हाडानं वळखलं तर?" ताई म्हणाल्या, "म्हणून तर मी तिथं बसते." दुसऱ्या दिवशी पोरी कामावर आल्या. म्हातारीचा तो प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याची नक्कलसुद्धा केली होती.

त्यांच्या दराऱ्याची एक गोष्ट शेठ स्वतः पाहुण्यांना सांगायचे. एकदा मोठा खरेदीदार आला होता. सूटबूट, बरोबर चार माणसं. त्यानं कौतुकानं ट्रेमधला एक तयार दांडा हातात घेतला, अर्थात उघड्या हातात. हिराताई पुढे झाल्या, गोड हसल्या, दांडा त्याच्या हातून काढून घेतला आणि लाल डब्यात टाकला. लाल डबा म्हणजे बाद. शेठांचं तोंड पाहण्यासारखं झालं. खरेदीदार मात्र शहाणा निघाला. म्हणाला, "ज्या कारखान्यात ही बाई आहे, तिथला माल मी डोळे मिटून घेईन." ताईंना ते वाक्य आवडलं नाही. नंतर मला म्हणाल्या, "डोळे मिटून कशाला घ्यायचा? ज्याच्या अंगात घालतात तो तर बेशुद्धच असतो. कुणीतरी उघडे ठेवायला पाहिजेत की नाय?"

एवढी ही बाई. म्हणून त्या दसऱ्याला जे झालं ते मला अजून नीट पटत नाही.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की मुहूर्ताचा म्हणून एक ट्रे काढायची पद्धत होती. बारा दांडे. हिराताईंनी सकाळीच माऱ्यातून काढून, स्वच्छ करून, झाकून ठेवले होते. यंत्रांना झेंडूच्या माळा, पेढ्यांची खोकी, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. त्या वर्षी शेठांच्या आई आल्या होत्या. त्यांना सगळे बा म्हणत. ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, हातात वॉकर. त्यांच्याही खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं, कुठंतरी, कधीतरी, आणि ते काही नीट झालं नव्हतं. एक पाऊल टाकलं की त्या डोळे मिटायच्या, मग दुसरं टाकायच्या.

बांनी झोताच्या यंत्राला कुंकू लावलं. मग त्यांची नजर ट्रेवर गेली. झाकण कुणी काढलं कोण जाणे. सुनेच्या हातातल्या ताटात तुपाची वाटी होती. बांनी अंगठा तुपात बुडवला.

"बा, त्याला हात नाय लावायचा," हिराताई म्हणाल्या. आवाज एवढा खाली की मला आश्चर्य वाटलं.

"घी लावल्याशिवाय धातूवर कंकू बसत नाय, बेन," बा म्हणाल्या. "चांदलो तो करवो पडे. टिळा तर लावायलाच पाहिजे." मग ताईंच्या दंडाला धरून म्हणाल्या, "माझा पाय बघ. सात वरस झाले. रोज दुखते. हे ज्याच्या अंगात जाईल ना, त्याला माझ्यासारखं लंगडायला नको. म्हणून एक-एकाला आशीर्वाद देते मी."

खरेदीदाराच्या हातून दांडा काढून घेणारी बाई तिथं हात बांधून उभी राहिली. बांनी बारा दांड्यांना बारा वेळा तुपाचा अंगठा टेकवला, वर खांद्यापाशी, जिथं दांडा रुंद होतो. मग कुंकू. दर वेळी ओठ हलत होते. सगळ्यांचे हात जोडलेले. माझेही होते. लेबलं छापणाऱ्याला हात जोडायला काय जातं?

लहानसहान म्हणून राहिल्या त्या फक्त चकत्या. प्रत्येक ट्रेबरोबर त्याच धातूच्या तीन चकत्यांवरही लेप चढवतात आणि नंतर तो यंत्रानं ओढून पाहतात, किती जोराला सुटतो ते. दांडे मोडून तर बघता येत नाहीत, म्हणून दांड्यांची परीक्षा चकत्या देतात. त्या बाजूच्या पट्टीवर होत्या. त्यांना बांनी चांदला केला नाही.

पूजा आटोपल्यावर हिराताई सुपरवायझरकडे गेल्या. दांडे परत धुवून परत माऱ्याला घालायला हवेत म्हणाल्या. माऱ्याचं यंत्र माळ घालून बंद केलेलं, तिथली दोघं माणसं पेढे घेऊन घरी गेलेली. मुहूर्त टळत होता. बा खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. सुपरवायझर म्हणाला, "ताई, स्पिरिटनं पुसून घ्या ना. आजच्या दिवशी कशाला?" ताईंनी पुसले. एकेक दांडा तीन-तीनदा पुसला. गुळगुळीत भांड्यावरचं तेल पुसलं जातं, खरखरीतावरचं खळग्यात जाऊन बसतं, हे मलाच त्यांनी कितीदा सांगितलं होतं. लेप चढला. पांढरा, एकसारखा, देखणा. बांनी टाळ्या वाजवल्या.

चकत्यांचा निकाल त्या वर्षातला सगळ्यात चांगला आला.

दोन दिवसांनी मी लेबलं छापायला बसलो. लॉटच्या शेवटच्या तीन आकड्यांत चारशे एकोणीस होतं. कागदावर हिराताईंची सही होती, नेहमीसारखी, एका रेषेत. मी बटणावर बोट ठेवलं तेव्हा त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. मी मागे वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. मला घरी जायची घाई होती. मी म्हटलं, "ताई, चकत्या तर पास आहेत."

"हां," त्या म्हणाल्या. "छाप."

बारा लेबलं छापायला दीड मिनिटसुद्धा लागत नाही.

त्याच हिवाळ्यात माझी आई चिकूच्या झाडाखाली पाय घसरून पडली. खुबा मोडला. हद्दीपलीकडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत दांडा बसवला. मला उलट अभिमान वाटत होता. डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, आमच्या कारखान्यात होतं हे काम. त्यांनी घरी सोडताना एक पाकीट हातात दिलं. त्यात फोटो, कागद आणि खोक्यातलं चिकटलेबल, ज्यावर लॉटचा नंबर असतो. आईच्या कपाटात साडीखाली ते ठेवून दिलं. दोन महिन्यांत आई अंगणात चालायला लागली. हिराताई तिला बघायला बोर्डीला आल्या, येताना सुकट घेऊन. आईनं त्यांना चिकू दिले. ताईंनी ते रुमालात बांधले आणि हसून म्हणाल्या, "रविवारी खाईन. सोमवारी तुझा पोरगा मला दारात अडवेल."

पुढच्या उन्हाळ्यात एक पार्सल परत आलं. एका रुग्णाच्या मांडीत सतत कळ यायची म्हणून डॉक्टरांनी दांडा काढला होता आणि तक्रारीसह पाठवला होता. तक्रारीचा फॉर्म मला भरायचा होता, म्हणून मी तिथं होतो. हिराताईंनी हातमोजे घातले, पिशवी फोडली आणि दांडा भिंगाखाली धरला. मी लॉट नंबर वाचून दाखवला. शेवटी चारशे एकोणीस.

त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "बघ."

बाकी दांड्याला हाड धरलेलं दिसत होतं, खडबडीत, पिवळट. वर खांद्यापाशी मात्र एक जागा पार उघडी होती. धातू चकचकीत. लांबट गोल, एका बाजूला जरा दबलेली. मी भिंगावरून डोळा काढला आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मला आईच्या कपाटातलं पाकीट आठवलं.

हिराताई तशाच शेठांच्या केबिनमध्ये गेल्या. फॉर्मवर सही हवी म्हणून मीही मागोमाग. भिंतीवर बांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. बा संक्रांतीनंतर गेल्या होत्या.

"राहिलेले अकरा परत मागवा," ताई म्हणाल्या. "घातले असतील त्यांच्या डॉक्टरांना कळवा. माझी चूक आहे. माझी सही आहे. तसं लिहून देते."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चकत्यांचा कागद काढला, पुढे सरकवला. म्हणाले, डॉक्टरनं काढताना खरवडला असेल. ताईंनी मान हलवली. मग शेठांचा आवाज चढला. "मग काय लिहू मी? माझ्या आईच्या अंगठ्यानं माल खराब झाला? त्या अंगठ्यानं मला भरवलंय, हिराबेन."

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "म्हणूनच मी गप्प बसले. तेच चुकलं."

फॉर्मवर 'दांडा काढताना लेप खरवडला' असं लिहिलं गेलं. अक्षर माझं आहे. ताईंना दुसऱ्या आठवड्यात तपासणीवरून काढून खोकी मोजायला बसवलं. त्यांनी वरच्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं. त्याची पोच आली, माणूस कुणी आला नाही. महिन्याभरानं त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांना समजावायला गेलो. मोठा शहाणपणाचा आव आणून म्हटलं, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोटं लपवली. "आम्ही कोळी," त्या म्हणाल्या. "पाण्यात राहूनच मासे मारतो."

एक गोष्ट मी केली, तेवढी सांगतो. बाराही खोकी एकाच डीलरकडे गेली होती आणि तो याच पट्ट्यातल्या हॉस्पिटलांना माल देत असे. डहाणूपासून हद्दीपलीकडच्या गावांपर्यंत. हे मी त्यांना हळूच सांगितलं. डीलरकडे माल पाठवल्याचा कागद मात्र दिला नाही. कागदावर माझं नाव होतं. ताई त्या डीलरकडे तीनदा गेल्या. त्यानं तीनदा चहा पाजला.

तेव्हापासून हिराताई पाय बघायला लागल्या.

डहाणूच्या बाजारात त्या बहिणीबरोबर सुकी मासळी विकायला बसायच्या. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की यांची नजर खाली. जवळा मापता मापता मधेच उठायच्या आणि जाणाऱ्या कुणाच्या तरी मागे चालायला लागायच्या. बहीण शिव्या घालायची. मी एकदा पाहिलं, एका बाईच्या मागे त्या पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेल्या, तिच्या पावलाला पाऊल लावून, जरा मान कलती करून. बाई घाबरली. ताईंनी तिला हात जोडले आणि विचारलं, "ऑपरेशन झालंय काय खुब्याचं? लेबल दिलंय काय डॉक्टरनं? एकदा दाखव ना." लोक त्यांना वेडी म्हणायला लागले. काहीजण त्यांना पाहून नीट चालायचे, मुद्दाम. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, हे कबूल करतो. त्या रस्त्यात दिसल्या की मी वाट बदलायचो.

पण वेड म्हणावं तर उधव्याला घडलं त्याचं काय? तिथल्या आठवडी बाजारात त्यांना एक म्हातारा दिसला, कोंबड्या विकायला आलेला. उभं राहताना तो आधी मांडी चेपायचा, मग पाऊल टाकायचा. ताई त्याच्या घरी गेल्या. लेबल शोधून काढलं, पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डात घडी करून ठेवलेलं. शेवटी चारशे एकोणीस. त्याला सांगितलं होतं की वयामुळे दुखतं, सहन कर. ताई त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या, फोटो काढायला लावला, भांडल्या. दांडा हाडात सैल झाला होता. अजून वर्षभर तसाच चालता तर हाड फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं दुसरं ऑपरेशन झालं. हे सगळं मला त्या म्हाताऱ्याच्या नातवानं नंतर सांगितलं. ताई स्वतः एवढंच बोलल्या, "दोन झाले. दहा राहिले."

राहिलेल्यांत एक माझी आई आहे काय, हा प्रश्न त्यांनी मला पार्सल आलं त्याच दिवशी विचारला होता. "आईचं लेबल बघ आणि मला सांग." मी म्हटलं, बघतो. नंतर म्हटलं, सापडत नाही. नंतर म्हटलं, हॉस्पिटलनं दिलंच नसेल. पाकीट साडीखाली होतं, मला रोज माहीत होतं. कपाट उघडलं की त्या साडीचा काठ दिसायचा आणि मी कपाट लावून टाकायचो. पाकीट बंद होतं तोवर आई ठणठणीत होती. तीन वर्षं मी हे केलं. त्या तीन वर्षांत आई उठताना जरा थांबली तरी मी जेवण सोडून तिच्या पायाकडे बघायचो, आणि तरी मी पाकीट उघडलं नाही. भेकडपणाला वेगळं नाव असेल तर मला माहीत नाही.

हिराताई मात्र दर चार-पाच महिन्यांनी बोर्डीला यायच्या. लेबलाचं विचारायच्या. मी नाही म्हणायचो. मग त्या आईला म्हणायच्या, "वयनी, विहिरीपर्यंत चला बघू." आई चालायची. ताई ओट्यावर बसून ऐकायच्या. बघायच्या नाहीत, डोळे मिटून ऐकायच्या. आईला वाटायचं, किती ही माया! ती त्यांच्यासाठी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारायची.

शेवटचं आल्या ते गेल्या वर्षी माघात. फार वाळल्या होत्या, खोकत होत्या. आई विहिरीपर्यंत गेली आणि परत येताना तुळशीपाशी थांबली. मांडीवर हात ठेवला. "हल्ली जरा कळ येते इथं," आई म्हणाली. "थंडीची असेल."

ताईंनी डोळे उघडले. आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. हाताकडे नव्हे, थेट चेहऱ्याकडे.

"सुधीर," त्या म्हणाल्या, "जा. घेऊन ये."

मी गेलो. साडी काढली, पाकीट काढलं. पाकीट नीट फाटेना, तोंडानं फाडलं. लेबल होतं, कोपऱ्यात दुमडलेलं. मी आधी नंबर वाचला. परत वाचला. मग कंपनीचं नाव वाचलं. लॉट तर नव्हताच, दांडासुद्धा आमच्याकडचा नव्हता. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातला, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मी ओरडतच बाहेर आलो. आईला मिठी मारली. तीन वर्षांचं ओझं असं एका झटक्यात गेलं की मला रडू फुटलं. आईला काही कळेना, तीही हसायला लागली आणि म्हणाली, थांबा, गोड काहीतरी करते. मी लेबल हिराताईंच्या हातात दिलं. "आपली आई नाही त्यांत, ताई! बघा, आपली नाहीच!"

ताईंनी लेबल डोळ्यांजवळ धरून वाचलं. दोनदा वाचलं, तपासणीला बसल्यासारखं. मग नीट घडी घालून मला परत दिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. आईचा हात हातात घेऊन दाबला, तरीही कळ येते त्याचा फोटो काढून घ्या म्हणून सांगितलं. मग पायात चपला घालता घालता, खाली बघूनच, मला म्हणाल्या, "मग कुणाची?"

मी लेबलाची घडी खिशात घातली.

"कुणाची तरी आई आहेच ना ती," त्या म्हणाल्या.

शिऱ्याला त्या थांबल्या नाहीत. मी त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. सुरूच्या झाडांखाली चार-पाच माणसं उभी होती. गाडी आली. आतून आधी एक जाडसर बाई उतरायला लागली, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं मांडी उचलून पायरीवर ठेवत. चढणारे वैतागले. हिराताई सगळ्यांना मागे सारून पुढे झाल्या आणि तिला कोपराखाली धरलं. बाई खाली उतरली, त्यांच्याकडे पाहून हसली, काहीतरी आशीर्वाद दिल्यासारखं बोलली. ताईंचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष नव्हतं. मान खाली घालून त्या तिचं पहिलं पाऊल पडायची वाट बघत होत्या. गाडी त्यांना न घेताच सुटली. मला घरी शिरा होता, मी वळलो.

होळीनंतर धाकट्या डहाणूहून निरोप आला की हिराताई गेल्या. दहातला आणखी एकही सापडल्याचं मी ऐकलं नाही. डीलरचा तो कागद अजून माझ्याच फायलीत आहे.